दोन सिझेरियननंतर ओघळलेलं पोट: लायपोसक्शन की टमी टक, आणि मे महिन्यात का नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 37, वजन 68 किलो, उंची 157 सेंटिमीटर, दोन सिझेरियन, धाकटं मूल 5 वर्षांचं. पाचोरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, घरी थोडी शेती. चालणं आणि जेवण सांभाळून 7 किलो वजन उतरवलं, पण ओटीपोटावरची लोंबती घडी आणि बेंबीभोवतीचा फुगवटा जात नाही. लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी ओढून काढून, भागेल का, उन्हाळी सुट्टीत उरकता येईल का, आणि किती दिवसांत पूर्ववत कामाला लागता येईल, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, लायपोसक्शनने तुमचं भागण्याची शक्यता कमी आहे. बहुधा टमी टक, म्हणजे सैल कातडी कापून पोटाचे स्नायू जुळवण्याचं ऑपरेशन लागेल. मे महिना तर खानदेशात या ऑपरेशनसाठी सगळ्यात वाईट. ऑपरेशन तीन-चार तासांत होतं, पण त्याचा निकाल पुढचे सहा आठवडे घरात काय होतं त्यावर ठरतो. म्हणून सर्जनकडे जाण्याआधी घरात त्या सहा आठवड्यांची सोय लावा, तारीख मग आपोआप ठरेल.

आधी पोटात नेमकं काय सुटलं आहे ते पाहू. उताणं झोपा, गुडघे दुमडा, बोटं बेंबीच्या वर आडवी ठेवा आणि फक्त डोकं उचला. मधोमध दोन बोटांहून रुंद खाच लागत असेल, तर पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकलेले आहेत. गरोदरपणात ते ताणले जातात आणि काही बायकांत परत जुळत नाहीत. ती फट चरबीची नसते, म्हणून चरबी काढून ती भरत नाही. फिजिओथेरपिस्टकडून शिकून पोटाचे व्यायाम चार-सहा महिने केले तर थोडी कमी होते. ते केले नसतील तर आधी करा. दुसरी गोष्ट कातडीची. उभं राहून आरशात पाहा. सिझेरियनच्या व्रणावरून कातडी खाली लोंबत असेल, पांढरे वळ असतील, चिमटीत धरली की पातळ आणि सैल लागत असेल, तर तिच्यातला ताण संपलेला आहे. खालची चरबी काढली तर ती आणखी लोंबेल. तिसरी गोष्ट आतल्या चरबीची. चिमटीत फारसं काही येत नाही आणि पोट मात्र टणक, पुढे आलेलं आहे, असं असेल तर चरबी आतड्यांभोवती आहे. तिथवर कुठलाही कॉस्मेटिक सर्जन पोचत नाही, ती खाणंपिणं आणि चालणं यांनीच उतरते. तुम्ही सांगितल्यावरून पहिली आणि दुसरी अडचण दिसते. त्यांना टमी टक, म्हणजे ॲब्डॉमिनोप्लास्टी लागते. कमरेच्या बाजूंना थोडं लायपोसक्शन त्याच वेळी जोडतात.

लायपोसक्शनबद्दल गैरसमज फार, म्हणून थोडं सांगते. ही पद्धत सुरक्षित झाली ती कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी 1987 साली मांडलेल्या द्रावणामुळे. सलाइनमध्ये भूल देणारं लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रिनॅलिन मिसळून ते चरबीत भरायचं, थोडा वेळ थांबायचं आणि मग तीन-चार मिलिमीटर जाडीच्या नळीने चरबी ओढायची. रक्त फार कमी जातं. एका वेळी 5 लिटरपेक्षा जास्त ओढलं तर ती मोठी शस्त्रक्रिया धरतात आणि रात्रभर देखरेख लागते. ‘एका बैठकीत दहा लिटर’ असं कुणी सांगत असेल तर तिथून उठा. आणि हा वजन कमी करण्याचा उपाय नाही, कारण ओढलेल्या पाच लिटरात चरबीसोबत द्रावणही असतं आणि तराजूवर फरक थोडाच दिसतो.

टमी टकमध्ये ओटीपोटावर, अंतर्वस्त्राखाली झाकेल अशा उंचीवर, एका नितंबाच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद घेतात. कातडी आणि चरबीचा थर स्नायूंवरून बरगड्यांपर्यंत सोडवतात. बेंबी आपल्या देठासकट जागेवरच राहते. मग छातीच्या हाडाच्या टोकापासून जांघेच्या हाडापर्यंत दोन्ही स्नायू न विरघळणाऱ्या किंवा फार हळू विरघळणाऱ्या टाक्यांनी जुळवतात. सैल कातडी खाली ओढून जादा भाग कापतात, बेंबीसाठी नवं भोक करतात, आत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या एक-दोन नळ्या, म्हणजे ड्रेन, ठेवतात आणि थराथराने शिवतात. तुमच्या सिझेरियनचा व्रण आडवा असेल तर तो कापलेल्या कातडीबरोबर निघून जातो. उभा असेल तर बेंबीखालचा भाग जातो, वर काही असेल ते राहतं. पित्ताशयाचं उघडं ऑपरेशन झालेलं असेल आणि उजव्या बरगडीखाली तिरका व्रण असेल, तर सर्जनला पहिल्याच भेटीत दाखवा. सोडवलेल्या कातडीला रक्त बाजूंनी येतं, तिथला जुना छेद ती वाट अडवतो आणि मग ऑपरेशनचा बेतच बदलावा लागतो.

आणखी मूल हवं असेल तर हे ऑपरेशन पुढे ढकला. नंतर गरोदर राहण्यात तसा धोका नाही, पण जुळवलेले स्नायू आणि कातडी पुन्हा ताणली जातात. वजन किमान सहा महिने एका जागी स्थिर हवं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 27.6 येतो, तो चालतो. 30 च्या पुढे जखम चिघळण्याचं आणि गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढतं.

तयारी दोन महिने आधी सुरू करावी. हिमोग्लोबिन तपासा. आपल्याकडे 9 किंवा 9.5 घेऊन वर्षानुवर्षं राबणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण 11 च्या आसपास आल्याशिवाय हौसेच्या ऑपरेशनला टेबलावर जाऊ नये. गोळ्यांनी महिन्याला साधारण एक-दीड ग्रॅम वाढतं, म्हणून वेळ हातात ठेवायचा. साखर असेल तर एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी, 7 च्या जवळ आणायची. पोटाची सोनोग्राफी करून घ्या, बेंबीचा किंवा सिझेरियनच्या जागेचा हर्निया असेल तर तो त्याच ऑपरेशनमध्ये दुरुस्त होतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणीही करा. नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत, विशेषतः सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत, हा आजार आहे. पण समाज कुठलाही असो, एका साध्या रक्तचाचणीने शंका मिटते. पहिली सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून नुसती वाहक आहे की आजार आहे ते कळतं. वाहक असणाऱ्याचं ऑपरेशन भूलतज्ज्ञाला सांगून, पाणी आणि ऑक्सिजन सांभाळून होतं. आजार असेल तर पोटाच्या आकारासाठी तो धोका पत्करू नये.

मशेरीचं स्वतंत्र सांगायला हवं. ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर बायका ‘नाही’ म्हणतात, कारण सकाळची मशेरी त्यांच्या लेखी तंबाखूत येत नाही. पण हिरडीतून निकोटिन रक्तात जातंच आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. टमी टकमध्ये व्रणाच्या वरचा मधला भाग रक्तपुरवठ्यापासून सगळ्यात लांब असतो. निकोटिन घेणाऱ्यांत तोच काळा पडतो, सडतो, आणि मग महिना-दोन महिने ड्रेसिंग करत बसावं लागतं. मशेरी, विडी, गुटखा, जे काही असेल ते आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. सर्जनपासून लपवू नका. गर्भनिरोधक गोळ्या चार आठवडे आधी थांबवण्याबद्दल विचारा, त्यांनी रक्त गोठण्याचा धोका वाढतो. दुसरं साधन आधी ठरवा. ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सुला साधारण आठ-दहा दिवस आधी बंद करतात, मात्र हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवायची नाही.

आता मे महिना. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो. ऑपरेशननंतर सहा आठवडे प्रेशर गारमेंट, म्हणजे छातीखालपासून मांडीपर्यंतचा घट्ट पट्टा, अंघोळीची वेळ सोडून दिवसरात्र घालायचा असतो. त्या उकाड्यात पट्ट्याखाली घाम साचतो, जांघेत आणि व्रणाच्या रेषेवर घामोळं, बुरशी येते, ओल्या टाक्यांची कातडी पांढरी पडून सुटते. मग बाई वैतागून पट्टा काढून ठेवते आणि कातडीखाली पाणी साचतं. घामाने शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि पायात गुठळी होण्याची भीती वाढते. शिवाय आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) आणि लग्नांचे दिवस. माहेरी आराम मिळेल हा विचार बरोबर आहे, पण घर पाहुण्यांनी भरलेलं, झोके बांधलेले, रात्री झोपायला सगळे गच्चीवर. त्या गडबडीत वाकून चालणाऱ्या बाईला नीट विश्रांती मिळत नाही.

माझं मत विचाराल तर दिवाळीची सुट्टी धरा आणि पुढे रजा जोडा. भाऊबीज आटोपून ऑपरेशन केलं तर पट्ट्याचे सहा आठवडे थंडीत जातात. शेतात तेव्हा कापसाची वेचणी चालू असेल, तिथे मात्र तुमची जागा घेणारं माणूस आधी ठरवावं लागेल.

पहिला दिवस-रात्र अशी जाते: पाठ आणि गुडघे उचललेल्या पलंगावर, कमरेत दुमडून. सरळ झोपायचं नाही, टाक्यांवर ताण येतो. पोटाचे स्नायू आवळल्यामुळे खोकताना, हसताना कळ येते, तेव्हा उशी पोटाशी धरायची. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी नर्स उठवून चालवते. दुखतंय म्हणून टाळाटाळ करू नका, पिंढरीत गुठळी न होण्याचा तोच खरा उपाय आहे. काहींना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं काही दिवस देतात. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, ड्रेनसकट.

ड्रेनची भीती वाटते, पण सांभाळणं सोपं आहे. दिवसातून दोनदा, ठरावीक वेळी, नळीच्या टोकाला लावलेल्या डबीतलं पाणी मोजून वहीत लिहायचं. प्रत्येक नळीचा हिशेब वेगळा. रिकामी केल्यावर डबी दाबून झाकण लावायचं. ती फुगलेलीच राहिली तर ओढ बंद आहे, पाणी आतच साचतंय. रंग लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो. सलग दोन दिवस 24 तासांत 30 मिलीहून कमी आलं की सर्जन नळी काढतात, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात. एकदम ताजं लाल रक्त भरू लागलं आणि पोट एका बाजूने ताणून फुगलं, तर त्या क्षणी फोन करायचा.

सगळ्यात जास्त होणारी गुंतागुंत म्हणजे नळी काढल्यावर पाणी साचणं, डॉक्टर त्याला सेरोमा म्हणतात. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात ओटीपोटावर हलकं थोपटलं की आत पाणी हिंदकळल्यासारखं लागतं. कारण साधं आहे: सोडवलेली कातडी आणि स्नायू अजून एकमेकांना चिकटलेले नसतात, आणि वाकणं, उचलणं, झाडू मारणं यांनी ते एकमेकांवर सरकतात. ओपीडीत सुईने पाणी काढतात. कातडी बधिर असल्याने फारसं दुखत नाही, पण दर चार-पाच दिवसांनी, कधी तीन-चार वेळा जावं लागतं. घरी मात्र सुई लावायची नाही.

घरात आधीच करून ठेवायच्या गोष्टी फार महत्त्वाच्या. जमिनीवर झोपणं, पाटावर बसणं महिनाभर बंद. पलंग हवा आणि पाठीला व गुडघ्याखाली टेकायला पाच-सहा उशा. शौचालय भारतीय पद्धतीचं असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. उकिडवं बसणं तीन-चार आठवडे चालणार नाही, आणि नेमक्या याच कारणाने पहिल्याच आठवड्यात टाके ताणले गेल्याचं दिसतं. पाण्याचा भरलेला हंडा, गॅस सिलिंडर, शेंगांची पिशवी, कडेवरचं मूल, यातलं काहीही सहा आठवडे नाही. मर्यादा चार-पाच किलोची आहे आणि भरलेला हंडा तिच्या तिप्पट भरतो. पाच वर्षांच्या मुलाला आधीच समजावून ठेवा की आई बसल्यावर जवळ घेईल. पहिले दोन आठवडे स्वयंपाकाला, पाण्याला घरात कायम एक बाईमाणूस हवं. सासूबाई, बहीण, जाऊ, कुणीही, पण ठरलेलं. हे जमत नसेल तर ऑपरेशन वर्षभर पुढे ढकला.

बाळंतपणात बांधतात तसं पोट फडक्याने करकचून बांधायचा आग्रह घरातल्या वडीलधाऱ्या करतील. त्यांचा जीव तुमच्यात आहे, पण इथे ते घातक आहे. जास्त आवळल्याने कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, एवढाच घट्ट. गरम पाण्याच्या पिशवीने शेकणं तर अजिबात नको. ओटीपोट महिनोन्‌महिने बधिर असतं, चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच दिसतं. हळद, राख, टूथपेस्टही जखमेवर नको.

खाण्याबाबत पथ्याच्या नावाखाली उपासमार होते ती टाळा. वांगं, बटाटा, भात किंवा तूर डाळीने पू होत नाही. थंडीत भरीत खायला हरकत नाही, फक्त पहिले आठ-दहा दिवस ठेच्याचा आणि काळ्या मसाल्याचा हात आखडता घ्या. जखम भरायला प्रथिनं लागतात, तुमच्या वजनाला दिवसाला साधारण 80 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम असतात, बाकी डाळ, दूध, पनीर, मटकी, चिकन. बद्धकोष्ठता टाळणं मोठं काम आहे, कारण दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट घट्ट होतं आणि कुंथल्याने शिवलेल्या स्नायूंवर थेट जोर पडतो. रावेर-यावलची केळी घरोघरी आहेतच, जोडीला रात्री इसबगोल आणि दिवसभरात अडीच-तीन लिटर पाणी.

कमरेत वाकून चालणं आठ-दहा दिवसांत सुटतं. शाळेत बसून शिकवायला तिसऱ्या आठवड्याअखेर जाता येईल, दिवसभर उभं राहायला चार आठवडे. स्कूटी चौथ्या आठवड्यानंतर, तीही चांगल्या रस्त्यावर. शेतातलं काम, व्यायाम आठ आठवड्यांनी. सूज तीन महिन्यांत बरीच उतरते, तरी संध्याकाळी फुगल्यासारखं वाटणं सहा महिने चालतं. खरा आकार सहा ते बारा महिन्यांत दिसतो. व्रण पहिले तीन-चार महिने उलट जास्त लाल आणि जाड दिसतो, त्याने घाबरू नका, तो मऊ आणि फिका पडायला वर्ष-दीड वर्ष घेतो. जखम पूर्ण बंद झाल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, सिलिकॉन जेल किंवा पट्टी तीन महिने लावा. आपल्या सावळ्या कातडीवर व्रण काळपट पडतो, ऊन लागू देऊ नका. तो वाढत जाऊन खाजायला लागला तर लवकर दाखवा, ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं चार-सहा आठवड्यांच्या अंतराने देतात. बेंबीच्या वरच्या भागातले पांढरे वळ राहणार आहेत, ते फक्त खाली सरकतात.

ऑपरेशन मुंबई-पुण्याला करायचं ठरलं तर नळ्या निघेपर्यंत तिथेच, नातेवाइकांकडे राहा. परतताना दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला. मात्र पाणी साचलं तर पुन्हापुन्हा जावं लागतं, हे धरून जळगाव, धुळे, नाशिक किंवा संभाजीनगर इथला योग्य सर्जन मिळत असेल तर मी तोच निवडायला सांगेन. योग्य म्हणजे एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेला. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे नोंद तपासता येते. भूल द्यायला पूर्णवेळ भूलतज्ज्ञ आणि हाताशी आयसीयू असलेलं हॉस्पिटल हवं. ब्यूटी क्लिनिकच्या खोलीत किंवा कॉस्मेटॉलॉजीच्या काही महिन्यांच्या डिप्लोमावर हे ऑपरेशन होत नाही.

एका पायाची पिंढरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत कळ येणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. सर्जनचा फोन लागो न लागो, 108 ला फोन करून जवळच्या आयसीयू असलेल्या हॉस्पिटलमध्ये जायचं आणि ‘अमुक दिवसांपूर्वी पोटाचं ऑपरेशन झालं’ हे पहिलं वाक्य सांगायचं. 101 च्या पुढे ताप, व्रणाभोवती पसरणारी लाली, दुर्गंधी, कातडी निळी-काळी पडणं, यांना त्याच दिवशी दाखवायचं.

खर्चाचा आकडा लेखी घ्या आणि त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, हॉस्पिटल, औषधं, दोन गारमेंट (एक धुवायला, एक अंगावर) आणि नंतरच्या ड्रेसिंगा आहेत का ते वेगवेगळं विचारा. सेरोमाचं पाणी काढणं किंवा व्रण दुरुस्त करणं लागलं तर त्याचे पैसे कोण भरणार, तेही लिहून घ्या. हौसेच्या शस्त्रक्रियेवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो आकड्यात धरला आहे का पाहा. आरोग्य विमा टमी टकचे पैसे देत नाही. हर्निया निघाला तर त्याच्या दुरुस्तीचा भाग मिळू शकतो, म्हणून सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन ऑपरेशनआधी विमा कंपनीकडून लेखी मंजुरी मागा आणि हॉस्पिटलला दोन्हींची बिलं वेगळी करायला सांगा.